डॉर्कसच्या कीर्तनातल्या रेघा

या, जवळ सरका. त्या कडेला कोणी बसू नका, तिथे एसीचं पाणी ठिबकतं. मुलांना पुढे घ्या. सगळं कळलं नाही तरी कानावर पडू दे. आज एक गोष्ट सांगतो. चोरीची आहे, आणि चोर बाहेरचा नाही, आपल्यातलाच आहे. देवबापाला साक्षी ठेवून सांगतो, यातली एकही गोष्ट मी गोड करून सांगणार नाही.

मला तुम्ही ओळखता. मी फ्रान्सिस, वसईचा. आठवडाभर स्टोअरकीपर, शुक्रवारी पेटीवाला. कीर्तनाचं वेड मला लहानपणापासून. ईस्टरआधीच्या उपासकाळात आमच्या गावात ख्रिस्ती कीर्तन व्हायचं. पांढरं धोतर नेसलेला कीर्तनकार चिपळ्या घेऊन उभा राहिला की वाटायचं, देव आता आपल्या भाषेत बोलणार. अजूनही वाटतं. म्हणून ही गोष्ट सांगताना तोंड कडू होतं.

१

जानेवारीतला शुक्रवार होता. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून आम्ही सगळे इथे दोह्यात, अल थुमामातल्या एका व्हिलाच्या हॉलमध्ये जमलो होतो. आमच्या वसईकरांच्या मंडळाचं कीर्तन होतं. कीर्तनकार वॉरेन डिमेलो. एरवी बँकेत साहेब, पण उपरणं खांद्यावर टाकलं की वॉरेनबुवा. आवाज असा की पहिल्या आलापाला बायका पदर शोधायला लागतात.

विषय नवा होता. डॉर्कस हॅलसी नावाची एक अमेरिकन कवयित्री. दीडशे वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर बैलगाडीतून नेब्रास्काच्या मैदानात गेलेली. जिथे झाड नाही, दगड नाही, तिथे गवताची जमीन विटांसारखी कापून तिनं घर बांधलं. टोळधाड आली, तिनं पीक खाल्लं, खिडकीचा पडदासुद्धा खाल्ला. दोन मुलं घटसर्पानं गेली. संसाराच्या नवव्या वर्षी नवरा हिमवादळात गोठ्याकडे गेला, तो परत आला नाही. ही एकटी उरली. घोड्यावर बसून लोकांची बाळंतपणं करायची आणि पिठाच्या रिकाम्या पिशव्या फाडून त्यांवर पेन्सिलीनं कविता लिहायची.

बुवा गात होते:

मातीच्या विटांचे घर बांधियेले
वाऱ्याने ऐकिले श्वास माझे

दोन कबरींना कुंपण घातले
गवत वाढले तरी त्यांत

प्रत्येक ओळ संपली की बुवा थांबायचे. कधी क्षणभर, कधी इतका वेळ की माणसं श्वास धरून बसायची. मी पेटीवर सूर धरून ठेवायचो. तालमीत बुवांनी मला सांगितलं होतं, "फ्रान्सिस, कागदावर रेघ लांब असेल तिथे सूर सोडायचा नाही. ही मैदानाची शांतता आहे."

कीर्तन संपलं. मंडळाच्या सेक्रेटरींनी हार घातला आणि जाहीर केलं की हे कीर्तन पुस्तिका म्हणून छापून उपासकाळात वसईच्या गावागावांत वाटायचं. 'रचना : वॉरेन डिमेलो.' कोणीतरी विचारलं, "बुवा, त्या थांबायच्या जागा कशा सुचल्या?"

"महिनाभर बसलो," बुवा म्हणाले. "एकेक जागा शोधून काढली."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. व्हॅलेरी, आमच्या आयरीनची मुलगी. वय वर्षं वीस. आयरीन स्टाफ नर्स होती; ऑक्टोबरमध्ये कॅन्सरनं गेली.

"दॅट्स माय मदर्स," ती म्हणाली. "हे मम्मानं लिहिलंय. शी रोट इट इन अ नोटबुक."

बुवा हसले, अगदी मायेनं. "बाळा, मम्मानं मला काही इंग्लिश शब्दांचे अर्थ सांगितले होते. वही कुठाय? आण ना, बघू."

व्हॅलेरीकडे वही नव्हती. आई गेली त्याच आठवड्यात घरातून ती नाहीशी झाली होती.

"बरं, त्या वहीत काय लिहिलं होतं ते तरी सांग," कोणीतरी म्हणालं.

तेही तिला सांगता येईना. व्हॅलेरीला मराठी ऐकून कळायचं, वाचता येत नव्हतं.

२

रविवारी संध्याकाळी माझ्या दारावर टकटक झाली. बाहेर व्हॅलेरी आणि तिच्याबरोबर रुकैया. रुकैया दापोलीकडची, अल अझीझियात आयरीनच्या खालच्या मजल्यावर राहते. हमद पोर्टवर मालाची कागदपत्रं तपासते. चुकलेले कंटेनर शोधण्यात तिचं नाव आहे. शुक्रवारी तीही कीर्तनाला आली होती, आयरीनची मैत्रीण म्हणून.

"फ्रान्सिसभाऊ, करक चहा पाजा आणि तुमचा कागद दाखवा," ती म्हणाली.

"कुठला कागद?"

"पेटीवर ठेवला होता तो. लपवू नका. तुम्हीपण संशयितांच्या यादीत आहात. आयरीनचं कपाट कोणी आवरलं?"

"मीच. माझी बायको आणि मी." मी घाईनं म्हणालो. "पण ते तिचं शव वसईला पाठवल्यानंतर. तेव्हा वही नव्हती."

"खरं आहे," व्हॅलेरी म्हणाली. "आय हॅड ऑलरेडी सर्च्ड."

"बरं, मग तुम्ही सुटलात. अर्धे." रुकैयानं माझे कागद घेतले. एकेचाळीस पानं, बुवांच्या हस्ताक्षरातली नक्कल. त्यांच्याजवळचं जे काही मूळ होतं, त्यावरून त्यांनी ती माझ्यासाठी ओळीला ओळ उतरवून दिली होती. कीर्तनातलं गद्य, ओव्या, सगळं होतं. आणि जागोजागी ओळीच्या शेवटी आडव्या रेघा.

ती बराच वेळ बघत राहिली. चहा गार झाला. मग म्हणाली, "पट्टी आहे का?"

मी पट्टी दिली. तिनं ती उभी धरून पानाच्या उजव्या कडेला लावली. "बघा. इथे दोनच शब्द आहेत, रेघ हातभर. इथे ओळ मोठी, रेघ बोटभर. आणि जिथे ओळ कडेपर्यंत गेली तिथे रेघच नाही. सगळ्या रेघा एकाच जागी संपतात."

"म्हणजे?"

"म्हणजे शब्द कमी तेवढी शांतता जास्त. वॉरेनबुवांना ही जागा महिनाभर शोधून सापडली म्हणे! अहो, ही शांतता नाही. ही मोकळी जागा बंद केलेली आहे. आमच्याकडे मालाच्या यादीत शेवटच्या नगाखाली अशीच रेघ मारतात, मागून कोणी एक खोका वाढवू नये म्हणून." तिनं पट्टी खाली ठेवली. "बँकेतला माणूस गाण्याच्या कागदावर असं का करेल? ही सवय कोणाची, ते आधी बघू."

मी तिला एक गोष्ट सांगितली नाही. दोन वर्षांपूर्वी चर्चला जाताना बसमध्ये आयरीन माझ्या पुढच्या सीटवर बसून काहीतरी गुणगुणत होती. गवत वाढले तरी त्यांत. तालमीच्या पहिल्या दिवशीच मला ते आठवलं होतं. मी गप्प राहिलो होतो.

३

क्रिस्टी म्हणजे आयरीनच्या वॉर्डातली मैत्रीण. आयरीन गेल्यावर तिचा लॉकर क्रिस्टीनंच रिकामा केला होता, म्हणून तीही यादीत. मंगळवारी तिची ड्युटी संपल्यावर आम्ही तिला कॅन्टीनमध्ये गाठलं.

"माझ्यावर संशय?" क्रिस्टी भडकली. "तिचे पाय चेपले मी शेवटी. लॉकरात होतं काय? चपला, स्वेटर, रोझरीची माळ आणि अर्धा डबा लोणचं. लोणचं मी खाल्लं. लिहून घे हवं तर."

"आणि वही?"

"वही ती रजेवर गेली तेव्हाच घरी घेऊन गेली. सोडायची नाही ती. डबा खाताना लिहायची. आम्ही चिडवायचो, आयरीन, कोणाला प्रेमपत्रं लिहितेस? तर म्हणायची, एका अमेरिकन बाईला. आमच्या वॉर्डात एक म्हातारी होती, मुलाकडे आलेली, नेब्रास्काची. तिनं जाताना आयरीनला ते कवितांचं पुस्तक दिलं. तुझ्यासारखीच होती गं ही, म्हणाली."

व्हॅलेरीनं मान हलवली. ते इंग्रजी पुस्तक तिच्याकडेच होतं.

रुकैयानं कागद पुढे केला. क्रिस्टीनं पाहिलं आणि खुदकन हसली. मग एकदम तिचे डोळे भरले.

"अगं, ही तर आमची नर्सिंग नोट! पेशंटचं लिहून झालं की उरलेल्या ओळीत रेघ मारायची. मागून कोणी काही घुसवू नये म्हणून. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण मुंबईला शिकलो तेव्हा सिस्टर पट्टीनं मारायच्या हातावर, रेघ विसरलो तर. आयरीन किराण्याच्या यादीलापण मारायची."

"बुवा या रेघांवर थांबून गातात," मी म्हणालो.

क्रिस्टीनं कागद पुन्हा जवळ ओढला. "गातात? ही रेघ?"

"लोक रडतात तिथे."

"पवित्र मरियामाय," ती म्हणाली, आणि तिला हसावं की रडावं कळेना.

म्हणजे कीर्तन आयरीनचं होतं, हे आता आम्हा चौघांना माहीत होतं. पण वॉरेनबुवा आयरीनच्या खोलीत कधी गेले नव्हते. ती गेल्यावर घरी प्रार्थनेला आले तेव्हा बाहेर हॉलमध्येच बसले होते. मग वही त्यांच्यापर्यंत चालत गेली का?

४

बुधवारी दुपारी रुकैयानं सुट्टी टाकली. तिच्या घरी जेवणाच्या टेबलावर दोघी समोरासमोर बसल्या. व्हॅलेरीच्या हातात इंग्रजी पुस्तक, रुकैयाच्या हातात माझे कागद. मी मध्ये बसलो, पाणी द्यायला. रुकैया एक ओवी वाचायची, व्हॅलेरी पुस्तकात शोधायची. सापडली की म्हणायची, "येस." मग पुढची.

मातीचं घर सापडलं. टोळधाड सापडली. दोन कबरी सापडल्या. मग रुकैयानं वाचलं:

भरतीचे पाणी दारापाशी आले
त्याने विचारले कशी गं तू

व्हॅलेरी पानं उलटत राहिली. "नॉट हिअर."

"नसणारच," रुकैया म्हणाली. "नेब्रास्काला समुद्र कुठला? हे वसईच्या खाडीचं पाणी आहे." आणि पुढची ओवी वाचताना तिचा आवाज खाली गेला:

ज्याच्या उशाशी मी बावीस वरुषे
त्याचे मौन असे दार बंद

शुक्रवारी याच ओवीला हॉल हुंदके देत होता. मीसुद्धा. आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही की डॉर्कसचा नवरा नवव्या वर्षीच गेला. बावीस वर्षं संसार कोणाचा झाला होता?

व्हॅलेरीनं पुस्तक मिटलं. ती हळूहळू बोलायला लागली. मम्माच्या युनिफॉर्मच्या खिशाला नेहमी दोन पेनं असायची, निळं आणि लाल. वहीची पानं तिनं दुरून पाहिली होती. त्यांत दोन्ही रंग होते. एकदा तिनं विचारलं होतं, लाल म्हणजे करेक्शन का? मम्मा म्हणाली होती, नाही गं, निळं तिचं, लाल माझं.

"मग झालं," रुकैया म्हणाली. "इंग्रजीत आहे ते डॉर्कसचं. त्यातून उरेल ती तुझी मम्मा. लाल पेन घे, मी सांगते तिथे खूण कर."

संध्याकाळपर्यंत त्या दोघींनी एकेचाळीस पानं संपवली. लाल खुणांच्या तेवीस ओव्या निघाल्या. विसाव्या ओवीपाशी रुकैया थांबली आणि पान उलटायला लागली.

"रीड इट, आंटी."

"नको. ही तशी काही खास नाही."

"आंटी, प्लीज."

रुकैयानं वाचलं:

लेकीला मी हाका माझ्या बोलीतून
येतसे दुरून पडसाद

"पडसाद म्हणजे?"

रुकैयानं सांगितलं. डोंगरावर ओरडलं की आपलाच आवाज परत येतो, माणूस कोणी बोलत नाही, तो. व्हॅलेरी उठून गॅलरीत गेली. विमानं उतरत होती. बराच वेळ ती आत आली नाही.

माझं लक्ष रुकैयाकडे होतं. ती रडत नव्हती, कागद चाळत होती. "फ्रान्सिसभाऊ," ती हळूच म्हणाली, "बुवांनी दोन्ही रंग एकाच बाईच्या तोंडी का घातले? त्यांना लाल दिसलाच नाही. आणि लाल कोणाला दिसू नये असं कोणाला वाटेल, ते मला आता कळलंय. त्या पोरीसमोर बोलवत नाही."

५

गुरुवारी संध्याकाळी आम्ही वॉरेनबुवांच्या घरी गेलो. रुकैया आणि मी, दोघंच. बुवांनी खजूर पुढे केले, कॉफी आणली, मुलीच्या दुःखाबद्दल दोन शब्द बोलले.

"बुवा, नेब्रास्कात भरती येते का?" रुकैयानं विचारलं.

"कवीची कल्पना असते, बहीण."

"आणि नऊ वर्षांच्या संसाराची बावीस वर्षं?"

बुवांनी कॉफीचा कप बाजूला सरकवला.

"वही तुमच्या हातात कधीच आली नाही," रुकैया म्हणाली. "आली असती तर कितीतरी ओळी लाल दिसल्या असत्या, आणि तुम्ही थांबून विचार केला असता. तुम्ही काही मूर्ख नाही. तुमच्याकडे झेरॉक्स आहे, काळी-पांढरी. आणि त्यात नावाचं पहिलं पान नाही. खरं की खोटं?"

बुवांनी चष्मा काढला. कपाटातून एक फाइल आणून टेबलावर ठेवली. कागदांच्या मध्यभागी वहीच्या शिवणीची काळी सावली उमटलेली. सगळं अक्षर काळं. आयरीनचं गोल, बसकं अक्षर, ओळीओळीला रेघ.

"मला वाटलं या रेघा तिनं सुरासाठी घातल्यात," ते म्हणाले. "आजारात तिनंच मला फोनवर सांगितलं होतं. बुवा, मी एक कीर्तन लिहिलंय, तुम्ही गा. आणि गाताना माझं नाव घ्या, एकदाच, सुरुवातीला."

"मग?"

"ती गेली. झेरॉक्स हातात आली ती अटीसकट. तिचं नाव कुठे घ्यायचं नाही." बुवांचा आवाज चढला. "मी काय करू? इतकं सुंदर काम टाकून देऊ? लोकांनी विचारलं कोणी रचलं, काहीतरी सांगावंच लागतं ना!"

"'कोणाचं ते सांगता येत नाही' असं म्हणता आलं असतं," रुकैया म्हणाली.

तिचं म्हणणं खरं होतं. माझ्या मनात बुवांसाठी जी जागा होती, ती त्या क्षणी रिकामी झाली, आणि सांगतो, अजून भरली नाही. ज्या तोंडातून मी देवाचं नाव ऐकत आलो, त्याच तोंडानं एका मेलेल्या बाईचं नाव गिळलं होतं.

"अट कोणी घातली?" मी विचारलं.

बुवांनी उत्तर द्यायची गरज नव्हती. वही घरात होती. लॉकरात नव्हती, कपाटात नव्हती. आयरीनचं शव जाण्याआधीच ती गेली होती. त्या खोलीत जाणारी माणसं दोनच. एकीला मराठी वाचता येत नव्हतं.

६

त्याच रात्री आम्ही आयरीनच्या घरी गेलो. रॉयनं दार उघडलं. आयरीनचा नवरा. एका ट्रान्सपोर्ट कंपनीत टाइमकीपर. कमी बोलणारा, सरळ, कोणाच्या अध्यातमध्यात नाही. मला तो नेहमी आवडायचा. व्हॅलेरी हॉलमध्येच होती. रुकैयानं तिला आत जायला सांगितलं. ती गेली नाही.

"रॉयभाऊ, बुवांकडची झेरॉक्स बघितली आम्ही. पहिलं पान नाही तिच्यात," रुकैया म्हणाली.

रॉय खुर्चीवर बसला. त्यानं नाकारलं नाही. बहुतेक तो वाटच बघत होता.

"ती हॉस्पिटलात होती," तो म्हणाला. "मी वही उघडली. म्हटलं बघू तरी काय लिहिते इतकं. आधी निळं वाचलं. छान होतं. मग लाल वाचलं." त्यानं हातांकडे पाहिलं. "मी दारू पीत नाही. कधी हात उचलला नाही. पगार घरात दिला. आणि तिनं लिहिलं, दार बंद. मला तोंडावर कधी बोलली नाही. बावीस वर्षं! लिहून ठेवलं. आणि ते बुवांना गायला सांगून गेली, माझ्या माणसांसमोर."

त्यानं तळहात मांडीवर पुसले.

"जाळणार होतो. नाही जाळवलं. शेवटची इच्छा होती तिची, म्हणून बुवांसाठी ऑफिसात नेली. आमची मशीन काळंच छापते. कागद बाहेर आले आणि मला... मला बरं वाटलं. लाल गेलं. सगळं त्या अमेरिकन बाईचं झालं. तिचा नवरा मेलेला आहे, त्याला कोण हसणार? फक्त आयरीनचं नाव त्यावर नको होतं. नाव आलं की लोक मला शोधणार त्यात."

"आणि वही?" रुकैयानं विचारलं.

"शवपेटी सील करायच्या आधी दोन मिनिटं मला एकट्याला दिली होती. तिच्या हाताखाली ठेवली. तिचं तिला दिलं."

वही वसईच्या दफनभूमीत होती, सहा फूट मातीखाली.

रुकैया भिंतीला टेकली. "कंटेनर सापडला," ती स्वतःशीच म्हणाली. "पण उतरवता येत नाही."

मी व्हॅलेरीकडे बघायला घाबरत होतो. ती बापासमोर येऊन उभी राहिली. पहिल्यांदाच मी तिला पूर्ण मराठीत बोलताना ऐकलं. शब्द तिला शोधावे लागत होते.

"पप्पा. पहिल्या पानावर काय होतं?"

"नाव."

"फक्त नाव?"

"आयरीन. आणि आडनाव. आणि पुढे रेघ."

"एवढंच होतं ना, पप्पा," ती म्हणाली. "तेवढंही तुम्हाला जड झालं?"

७

शुक्रवारी मंडळाची बैठक झाली. व्हॅलेरीनं एकच मागितलं, पुस्तिकेवर आईचं नाव. रुकैयानं पट्टी लावून रेघा दाखवल्या. क्रिस्टीनं साक्ष दिली. इंग्रजी पुस्तक हातोहात फिरलं. कोणाला शंका उरली नाही. मी भाबडा, मला वाटलं, आता न्याय होणार.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "झालं ते वाईट झालं. पण घरातली गोष्ट आहे. रॉयची बदनामी, बुवांची बदनामी, उद्या वसईत फादरपर्यंत जाईल. खलास, वाढवू नका."

"मी सुचवतो," वॉरेनबुवा म्हणाले. "शेवटच्या पानावर छापू या, 'कै. आयरीनबाईंची थोडी मदत झाली.'"

"थोडी?" व्हॅलेरी म्हणाली.

रॉय कोपऱ्यात बसला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं एक शब्द काढला असता तर चित्र बदललं असतं. तो जमिनीकडे बघत राहिला. शेवटी ठरलं की पुस्तिकाच छापायची नाही आणि हे कीर्तन पुन्हा करायचं नाही. शांतता राहील. बाहेर पडताना दोघाचौघांनी व्हॅलेरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "देव बघून घेईल, बाळा," म्हणाले. देवावर ढकलायला आपल्याला किती सोपं जातं! मी श्रद्धावान माणूस आहे, म्हणून मला ते जास्त झोंबलं. मंडळाचं काम देवानं का करायचं?

तीन आठवड्यांनी बुवांनी दुसऱ्या विषयावर कीर्तन केलं. हार घातला गेला. पेटीवर कोण होतं विचारू नका. मीच होतो. बसमधलं ते गुणगुणणं मी पहिल्या दिवशी बोललो असतो, तर नाव घेऊनच कीर्तन झालं असतं. हे मी पापनिवेदनात सांगितलंय, आणि आज तुम्हालाही सांगतो.

माझ्याजवळची एकेचाळीस पानं मी व्हॅलेरीला दिली. ती आता बापाबरोबर राहत नाही, क्रिस्टीकडे असते. रुकैया तिला मराठी वाचायला शिकवते. परवा फोन आला, सहावी ओवी स्वतः वाचली म्हणाली.

मला कीर्तन करता येत नाही. आवाज नाही, बुवांसारखं रूप नाही. मला फक्त नाव घेता येतं. तेही कोणी ऐकलं तरच.

म्हणून एक मागतो. आयरीन घोन्साल्विस. गाव वसई. दोह्यात बावीस वर्षं नर्स. परक्या देशातल्या एका मेलेल्या बाईची कविता तिनं आपल्या भाषेत आणली आणि आपलं दुःख हळूच तिच्या शेजारी बसवलं. आज घरी गेल्यावर, जेवणाआधीच्या प्रार्थनेत, एकदा मोठ्यानं तिचं नाव घ्या. मुलांनी विचारलं कोण होती, तर त्यांना सांगा, त्यांना कळेल त्या भाषेत सांगा. आयरीनला विसरू नका.